बूट घ्यायला जाताना कागदावरचा पाय सोबत न्या

सीताबर्डीला बूट घ्यायला सकाळी जाऊ नका, संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी करकचतो.

निघण्याआधी घरी कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पायांची आउटलाइन काढून घ्या. पेन्सिल सरळ धरा आणि पूर्ण वजन पायावर असू द्या. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचं धरायचं. दुकानात बुटातला सुटा तळवा बाहेर काढा आणि त्या कागदावर ठेवा. पायाची रेघ तळव्याबाहेर गेली, की तो बूट परत द्या, मग रंग कितीही आवडो.

नंबरावर फार विसंबू नका. आपल्याकडच्या बुटांवर बहुधा यूके नंबर असतो, त्यात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा. युरोपियन नंबर वेगळा. शिवाय एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीत सात निघतो.

नेहमीचेच मोजे घालून दोन्ही बूट चढवा, लेस बांधा, उभे राहा. सगळ्यांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ते बोट पायाच्या अंगठ्याशेजारचंही असू शकतं. टाच उचलली जाऊ नये. दुकानदार म्हणेल, "घाला हो भाऊ, वापरून सैल होतात." चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबी मात्र वाढत नाही.