रांगडं टीपॉय घरी करताय? मग वरची फळी आवळू नका

कॉफी टेबल म्हणा की टीपॉय, बेळगावात त्यावर ठेवायचा चहाच. मी आजवर नऊ-दहा केली असतील. रांगडं म्हणजे ओबडधोबड, हा समज आधी डोक्यातून काढा. गाठी दिसू द्या, करवतीचे वळ राहू द्या; सांधे मात्र चोखच हवेत.

माझं ठरलेलं माप असं: वरची फळी ४२ बाय २२ इंच, जाडी दीड इंच. पाय अडीच इंची चौरस, चौकटीच्या पट्ट्या ३ इंच रुंद आणि १ इंच जाड, एकूण उंची १६ इंच.

लाकूड जुनं मिळालं तर सोनं. खानापूर-जांबोटीकडे कौलारू घरं उतरवतात तेव्हा सागवानाच्या, मत्तीच्या (म्हणजे ऐनाच्या) तुळया निघतात. कित्येक वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड ते. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर आत मोडून राहिलेला खिळा पात्याचा घास घेतो. वखारीतून नवी फळी आणणार असाल तर फणस घ्या. आधी हळदीसारखा पिवळा दिसतो, मग वर्षागणिक तपकिरी होत जातो. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला भुंगा फार लवकर लागतो. कडेची साल शोभेला ठेवा असं सांगणाऱ्याचं मुळीच ऐकू नका. साल पुढे सुटतेच, आणि किडा तिच्याच आड बसतो.

फळी वाळली की नाही हे ठोकून कळत नाही. तराजूवर ठेवा, वजन लिहा, दर आठवड्याला पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की हात घाला.

पायांना भोकं, पट्ट्यांना कुसू (म्हणजे त्या भोकात बसणारं टोक), फेव्हिकॉल, गुण्याने काटकोन बघून शिकंज्यात आवळणं, एक रात्र. चौकट झाली.

आता फळी चौकटीवर बसवायची. माझं पहिलं टीपॉय इथेच वाया गेलं. ऑगस्टमधलं काम, बाहेर आपला नेहमीचा न थांबणारा पाऊस. मी चौकटीला फेव्हिकॉल फासला आणि वर बारा स्क्रू गच्च आवळले. मजबुती हवी ना! शिवरात्रीच्या सुमारास एका रात्री हॉलमध्ये ‘काड्’ असा आवाज झाला. आई दचकून उठली, तिला वाटलं कुणीतरी दारात फटाका लावला. बघतो तर फळीला मधोमध दोन सुतांची भेग (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मी शहाण्यासारखा तिच्यात भुसा आणि फेव्हिकॉल भरला. जूनमध्ये फळी फुगली, भेग मिटायला लागली, भरलेला भुसा वर ढकलून आला आणि एका पायाचा सांधाही उखडला.

कारण साधं आहे. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. २२ इंची फळी आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मिळून सहज दीड-दोन सूत कमीजास्त होते. तिला अडवायची ताकद कुठल्याच स्क्रूत नाही. अडवलीत तर ती फाटते. ‘भरपूर स्क्रू मारा’ असं व्हिडिओत सांगणाऱ्यांनी ते टेबल पुढच्या मार्चमध्येही दाखवावं.

म्हणून फळीला फेव्हिकॉलचा थेंबही नको. दोन्ही आखूड पट्ट्यांच्या मधोमध खालून एकेकच स्क्रू घट्ट मारा, म्हणजे फळी दोन्ही बाजूंना सारखी सरकेल. बाकी सगळीकडे लाकडी गुटके वापरा. इंचभर रुंदीचा गुटका, त्याला पुढे तीन सुतांची जीभ. जीभ पट्टीच्या आतल्या अंगाला पाडलेल्या खाचेत जाते आणि गुटक्यातला स्क्रू खालून फळीत. लांब पट्ट्यांना तीन-तीन, आखूड पट्ट्यांना मधल्या स्क्रूच्या दोन्ही अंगांना एकेक. खाच पट्टीच्या वरच्या कडेपासून चार सूत खाली आणि चार सूत खोल. जिभेच्या वर गुटका साडेतीन सूतच ठेवा. हा अर्धा सूतच फळीला खाली ओढून धरतो. आखूड पट्टीवरची खाच दीड इंच लांब पाडा, कारण तिथे गुटका आडवा सरकतो.

यातही मी एकदा फसलो. गुटके आडवे कापले, म्हणजे शिरा जिभेला आडव्या गेल्या. स्क्रू आवळताच जीभ बिस्किटासारखी तुटली. शिरा जिभेच्या लांबीतच धावल्या पाहिजेत.

आणि मोसम बघा. पावसाळ्यात बसवत असाल तर फळी आधीच फुगलेली असते, पुढे ती आत आकसणार. म्हणून लांब पट्ट्यांवरच्या जिभा जातील तितक्या आत सारा. एप्रिलमध्ये बसवत असाल तर उलटं: गुटक्याच्या आणि पट्टीच्या मध्ये दीड सूत जागा मोकळी सोडा, नाहीतर फुगलेली फळी चौकटीलाच बाहेर रेटेल.

मग घासकाम: ८०, १२०, १८० नंबरचा पेपर, शिरांच्या दिशेने. फार गुळगुळीत केलंत तर रांगडेपणा गेला.

शेवटी तेल. डबल बॉईल्ड जवसाचं, म्हणजे आपल्या अगसीचंच, तीन हात. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने वर राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट थर बसतो. फळीच्या खालच्या अंगालाही तेवढंच लावा. एकाच बाजूला लावलं तर दोन बाजूंनी ओलावा वेगवेगळा शिरतो आणि फळी ताटलीसारखी वाकते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. माझ्या चिंध्या परसातल्या दोरीवर एकेक सुटी वाळत असतात, आणि आई रोज विचारते, हे कुणाचे कपडे?