सेंट हेलेन्सवर मे महिन्यातली स्की टूरिंग: घड्याळ, बर्फ आणि उतरणीची दिशा

अमेरिकेच्या वायव्येकडच्या कॅस्केड पर्वतरांगेतल्या ज्वालामुखींवर स्की टूरिंगचा उत्तम काळ एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत. स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या, चिकटवून स्वतःच्या पायांनी चढायचं, वर पोचल्यावर स्किन काढायच्या आणि उतरायचं. पहिल्या ज्वालामुखीसाठी आम्ही वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स सुचवतो. १८ मे १९८० च्या उद्रेकात त्याचा माथा उडाला आणि २,९५० मीटरचा डोंगर २,५४९ मीटरवर आला. उत्तरेला फुटलेलं विवर आहे, पण दक्षिणेचा उतार सलग आहे. वर्म फ्लोज या नेहमीच्या हिवाळी वाटेवर एकमेकांना दोराने बांधून हिमनदीच्या भेगा ओलांडाव्या लागत नाहीत. रेनिअर आणि बेकर या ज्वालामुखींवर ते करावं लागतं, म्हणून ते डोंगर नंतर.

पुण्या-मुंबईहून सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडे गेलेल्या सह्याद्रीतल्या ट्रेकरांकडे दम असतो, पहाटे उठून चालायची सवय असते. कमी पडतं ते थकलेल्या पायांनी स्कीवर उतरणं. स्की रिसॉर्टमधल्या ब्लॅक डायमंड, म्हणजे कठीण दर्जाच्या, उतारावर, सकाळचा बर्फ कडक असतानाही, प्रत्येक वळण ताब्यात राहत असेल तरच या बेताला हात घाला. त्याआधी एआयएआरई लेव्हल १ किंवा त्या तोडीचा हिमस्खलनाचा कोर्स गटातल्या प्रत्येकाने केलेला असावा. तुम्ही गाडले गेलात तर शोधणारा तुमचा मित्रच असतो, त्यामुळे एकाने शिकून भागत नाही.

परवाना आणि वाटेचा हिशोब

सुरुवात मार्बल माउंटन स्नो-पार्क या हिवाळी गाडीतळापासून, उंची सुमारे ८२० मीटर. माथ्यापर्यंत चढ १,७४० मीटर, जाऊन-येऊन अंतर १९ किलोमीटर. १,४६३ मीटरच्या, म्हणजे अमेरिकी नकाशावरच्या ४,८०० फुटांच्या वर बाराही महिने परवाना लागतो. १ एप्रिलपासून रोजच्या माणसांवर मर्यादा असते आणि परवाना आधी ऑनलाइन घ्यावा लागतो. एप्रिलअखेरपर्यंत गाडीसाठी स्नो-पार्कचा वेगळा पास लागतो. मे महिन्यातला दुसरा रविवार मदर्स डेचा. त्या दिवशी बायकाच नव्हे तर पुरुषही फ्रॉक-स्कर्ट घालून हा डोंगर चढतात. जुनी आणि फार आनंदाची प्रथा आहे, पण त्या दिवसाचे परवाने लवकर संपतात आणि उतारावर गर्दी असते. पहिल्या खेपेला दुसरा दिवस बरा.

रात्री गोठलं का?

सगळा बेत या एका प्रश्नावर उभा आहे. वसंतात बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो. असं काही दिवस सलग झालं की त्याचे जाड, गोल दाणे होतात. यालाच कॉर्न म्हणतात. सकाळी तो काचेसारखा कडक असतो, ऊन लागल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात आणि तेव्हा स्की लोण्यावरून जावी तशी जाते. हा अवधी एक-दोन तासांचा. त्यानंतर बर्फ खोलवर ओला होतो, बूट घोट्यापर्यंत रुततो आणि ओल्या बर्फाची घसरण सुरू होऊ शकते.

हवामानाचा अंदाज पाहताना नुसतं रात्रीचं तापमान पाहू नका, आभाळ पाहा. आकाश निरभ्र असेल तर बर्फाची उष्णता बाहेर निघून जाते आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर तीच उष्णता अडून राहते, आणि थंड रात्रीनंतरही बर्फ लिबलिबीतच राहतो. ढगाळ, उबदार रात्र गेली असेल तर बेत सोडा. ताजा बर्फ पडून गेल्यानंतरच्या पहिल्या कडक उन्हाच्या दिवशीही जाऊ नका, कारण त्या नव्या थराने गोठण्या-वितळण्याचे फेरे अजून पाहिलेले नसतात. वाराही मोजा. माथ्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा सांगितला असेल तर ऊन असूनही बर्फ मऊ होत नाही, दिवसभर तो टणकच राहतो. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलान्च सेंटरचा हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वसंतात थांबतो, तेव्हा मे महिन्यात ही पारख तुमची तुम्हालाच करावी लागते.

वेळ उलटी मोजायची. निरभ्र मे महिन्यात वर्म फ्लोजचा दक्षिण उतार साधारण साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान तयार होतो. सवयीचा माणूस स्किनवर तासाला ३०० मीटर चढतो. १,७४० मीटरला सुमारे सहा तास, विश्रांतीचा एक तास धरून सात. म्हणजे पहाटे चारला निघायचं. गटातला सर्वांत संथ माणूस तासाला २५० मीटर चढत असेल तर तीनला. हिशोब त्याच्या वेगावर करायचा, सर्वांत चपळ माणसाच्या नव्हे.

सामान

स्की मधल्या भागात ९० ते १०० मिलिमीटर रुंद, पिनच्या बाइंडिंगची (बूट स्कीला अडकवणारी जोडणी). स्किन धातूची कड उघडी ठेवून कापलेल्या हव्यात, कड झाकली गेली तर कडक बर्फावर पकड मिळत नाही. स्की क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात रुतणारे धातूचे दात, स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा ५ ते १० मिलिमीटर रुंद घ्या. वसंतात ही वस्तू ऐच्छिक नाही. अनेकजण घरी ठेवून येतात आणि सकाळी सातच्या काचेवर अडकतात. बुटांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे दहा दातांचे क्रॅम्पॉन पुरतात. बर्फकुऱ्हाड, हेल्मेट, बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे स्वतःचं.

बीकन छातीवर. चालू फोन त्यापासून किमान २० सेंटिमीटर दूर, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर, कारण फोनमुळे सिग्नल बिघडतो. पाणी तीन लिटर, वर भरवशाचं पाणी नाही. दर तासाला २५०-३०० कॅलरी पोटात जायला हव्यात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, तिळाच्या मऊ वड्या थंडीतही खाता येतात. घट्ट प्रोटीन बार पहाटे दाताने तुटत नाहीत. बर्फावरून परतणारं ऊन खालून येतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. गॉगल बाजूने बंद हवा.

दुरुस्तीच्या पिशवीत पोझिड्राइव्ह ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर, बाइंडिंगचे दोन-तीन जादा स्क्रू, थोडं स्टील वूल, बारीक तार, डक्ट टेप, चार रबरी स्की पट्टे आणि स्किनसाठी मेण. स्क्रू उपटून आला तर भोकात स्टील वूल भरून तो परत बसवता येतो. स्किनचा गोंद चिकटेनासा झाला तर तीच रबरी पट्टी स्की आणि स्किनभोवती आवळून घरी पोचता येतं.

चढण

गाडीतळावर बीकन तपासा. एकजण पुढे जाऊन उभा राहतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. तिथेच परत फिरण्याची वेळ ठरवून मोठ्याने बोला: बारा वाजले की जिथे असू तिथून खाली. तीन-चार जणांचा गट सर्वांत बरा. सहा झाले की थांबे लांबतात आणि शेवटचा माणूस काय म्हणतोय ते पहिल्याला ऐकू येत नाही.

पहिले काही किलोमीटर जंगलातून. मे महिन्यात तिथे बर्फ तुटक असतो, तेव्हा स्की पाठीवर बांधून धावण्याच्या बुटांनी चाला आणि बर्फ सलग लागला की ते बूट झाडाखाली ठेवा. मातीवर किंवा प्युमिसवर, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडावर, स्किनने चालू नका. प्युमिसचे कण आणि राख गोंदात बसतात आणि स्किन त्या दिवसापुरती संपते. दहा पावलांसाठीसुद्धा स्की उचला. चॉकलेट फॉल्सजवळ ओढ्यावरचा बर्फाचा पूल एकेकाने ओलांडा. सकाळी तो पेलतो म्हणून दुपारी पेलेलच असं नाही, येतानाची वाट तेव्हाच हेरून ठेवा.

झाडी संपली की उतार कडक होतो. स्की क्रॅम्पॉन घसरायला लागण्याआधी, सपाट जागीच चढवा. एक बारकावा फार जणांना ठाऊक नसतो: पिन बाइंडिंगमध्ये टाचेचा आधार उंच ठेवला की क्रॅम्पॉनचे दात बर्फात कमी जातात, कारण ते बुटासोबत वर उचलले जातात. कडक बर्फावर आधार खाली घ्या आणि वाट थोडी आडवी काढा. वळताना पाय थरथरू लागले, किंवा क्रॅम्पॉन असूनही स्की निसटली, की स्की पाठीवर बांधून बुटांना क्रॅम्पॉन लावा. शेवटचा चढ ३० अंशांच्या आसपास आहे आणि काचेवरून तिथे घसरलात तर फार खाली जाऊन थांबाल.

ऊन वाढलं की स्किन ओल्या होतात आणि सावलीतल्या थंड बर्फावर जाताच त्यांना गोळे चिकटतात. निघण्याआधी मेण घासलं असेल तर हा त्रास बराच टळतो. नंतर लावायचं तर आधी बर्फ खरवडून काढा.

दोन ठिकाणी थांबून सगळ्यांनी बोलायचं, झाडी संपते तिथे आणि सुमारे १,९०० मीटरवर. प्रत्येकाने स्वतःहून सांगायचं: पाणी किती उरलं, पाय कसे आहेत, बूट किती रुततो. 'ठीक आहे' हे उत्तर पुरेसं नाही. मित्रांच्या गटात परतूया असं म्हणणं अवघड जातं, म्हणून एकाने म्हटलं की सगळे परत, वाद नाही, हे गाडीतळावरच कबूल करून ठेवा. गट फोडू नका.

कड्यावर

माथा म्हणजे विवराची कड. तिच्यावर वाऱ्याने बर्फ बाहेर वाढवलेला असतो, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून तो सपाट जमिनीसारखाच दिसतो आणि खडक कुठे संपला ते कळायला मार्ग नसतो. २०१० साली इथे एक अनुभवी गिर्यारोहक कॉर्निस तुटून विवरात पडला आणि वाचला नाही. दोन-तीन स्कीच्या लांबीएवढं मागे राहणं पुरत नाही, कारण कॉर्निस कडेच्याही मागून तुटतो. विवरात डोकावून पाहण्याची इच्छा होतेच. ती मारा. दुसऱ्यांच्या पाऊलखुणा पुढे गेल्या आहेत हा पुरावा नव्हे.

स्किन काढून जॅकेटच्या आत ठेवा, म्हणजे गोंद उबदार राहतो. बूट स्की-मोडवर. पिनची भोकं बर्फाने भरलेली असतात, ती काठीच्या टोकाने साफ करा, पंजा अडकवून बूट चार-पाच वेळा पुढेमागे हलवा, मग टाच दाबा. चढताना लावलेलं पुढचं लॉक सोडायला विसरू नका. ते राहिलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. बर्फ अजून कडक असेल तर अंगावर कपडे चढवून थांबा. बारापर्यंत मऊ झाला नाही तर क्रॅम्पॉन लावून चालत उतरा.

उतरण

एकेकाने उतरा, बाकीच्यांनी बाजूच्या उंचवट्यावर थांबून पाहायचं. प्रत्येक टप्पा एकमेकांना दिसेल एवढाच. बसून घसरत उतरणाऱ्यांनी पाडलेले खोल चर पहाटे गोठलेले असतात, त्यात कड अडकते, म्हणून त्यांच्यापासून लांब राहा. जिथे राखेने बर्फ काळपट झालाय तिथे ऊन जास्त शोषलं जातं आणि बर्फ लवकर मऊ होतो. वळणाला बर्फाचे गोळे घरंगळू लागले तर ओळीतून बाजूला सरका आणि दऱ्यांत शिरू नका.

शंकूच्या आकाराच्या डोंगरावरची मोठी चूक दिशेची. माथ्यावर सगळ्या उतारांची तोंडं जवळजवळ असतात, खाली ती दूरदूर जातात. वर १० अंश चुकलात तर पाच किलोमीटर खाली जवळपास ९०० मीटर बाजूला निघता. उतार ओढेल तिकडे गेलं की असंच होतं. ऑरेगॉनमधल्या माउंट हूड या ज्वालामुखीवर क्रेटर रॉक या खडकाखालून सरळ चुंबकीय दक्षिणेला यायला हवं, पण उतार पश्चिमेकडे ओढतो आणि ढगात माणसं टिंबरलाइन लॉज सोडून झिगझॅग कॅन्यनच्या कड्यांकडे जातात. म्हणून चढताना फोनवर वाट नोंदवा, नकाशा ऑफलाइन ठेवा, आणि ढग माथ्याला टोपी घालू लागला तर तिथूनच उतरायला घ्या.

सेंट हेलेन्स नीट जमला की माउंट अ‍ॅडम्स. ३,७४३ मीटर, १ मेपासून ३० सप्टेंबरपर्यंत ७,००० फुटांच्या वर परवाना. चढाई जिथून सुरू होते त्या कोल्ड स्प्रिंग्सपर्यंतचा रस्ता जूनमध्येही बर्फाने अडलेला असू शकतो, तेव्हा गाडी खाली ठेवून चालण्याचे तास धरा. पाइकर्स पीक या खोट्या माथ्यावरून सुटणाऱ्या साउथवेस्ट शूट्स या घळींमध्ये सुमारे १,२०० मीटरची सलग उतरण मिळते. ती इतकी सुंदर आहे की थांबणं विसरायला होतं, आणि घोटाळा तिथेच होतो. साधारण २,१०० मीटरला डावीकडे आडवं निघून राउंड द माउंटन ट्रेलच्या रेषेने कोल्ड स्प्रिंग्सकडे यायचं. त्याखाली गेलात तर झाडोऱ्यातून स्की खांद्यावर घेऊन पुन्हा चढावं लागतं. घड्याळावर उंचीचा गजर लावून ठेवा.