नीतिशास्त्राचा अभ्यास गावात राहून कसा सुरू करावा

नीतिशास्त्र हा शब्द कानावर पडला की बहुतेकांना शाळेतील मूल्यशिक्षणाचा तास किंवा कीर्तनातील उपदेश आठवतो. दोन्हींचे मोल आहेच, परंतु तत्त्वज्ञानाची शाखा म्हणून नीतिशास्त्राचे काम निराळे आहे. खोटे बोलू नये हे आपल्याला घरातूनच सांगितलेले असते. ते का बोलू नये, कधीच बोलू नये की एखाद्या प्रसंगी बोलावे, आणि ‘बोलू नये’ या शब्दांच्या मागे नेमका कोणाचा किंवा कशाचा अधिकार आहे, हे प्रश्न शिस्तीने विचारायला लागलो की नीतिशास्त्र सुरू होते. समाजात चालत आलेल्या बऱ्यावाईटाच्या समजुतींना नैतिकता म्हणावे आणि त्या समजुतींची कारणे तपासणाऱ्या विद्येला नीतिशास्त्र म्हणावे, एवढा भेद सुरुवातीला पुरतो.

या अभ्यासासाठी महाविद्यालयात नाव घालण्याची गरज नाही. एक वही लागते आणि आपल्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग लागतो. पाठ्यपुस्तकांत बहुधा बेफाम सुटलेल्या ट्रॉलीचे उदाहरण असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी ते 1967 मध्ये मांडले: ट्रॉली सरळ गेली तर रुळावरचे पाच जण मरतात आणि वळवली तर दुसऱ्या रुळावरचा एक मरतो, तर चालकाने काय करावे? उदाहरण उपयोगी आहे, परंतु नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये असे माझे मत आहे, कारण तेथे सगळी माहिती आधीच ठरवून दिलेली असते आणि प्रत्यक्ष आयुष्यात निम्मे कष्ट माहिती नीट मांडण्यातच जातात.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रसंग लिहून काढणे. लिहिताना ‘लबाडी’, ‘चोरी’, ‘अन्याय’ असे शब्द टाळावेत, कारण त्या शब्दांत निकाल आधीच दडलेला असतो. माझ्या वहीतला पहिला प्रसंग असा आहे. सातवी-आठवीत असताना मी काकांच्या शेतात कापूस वेचणीच्या दिवसांत मापाची वही लिहीत असे. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला काटा टांगलेला असे; बाया कमरेच्या ओटीतला कापूस गाठोड्यात बांधून आणत, काका काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगत आणि मी तो नावापुढे मांडत असे. मजुरी किलोवर होती. प्रत्येक गाठोड्यामागे काका अर्धा किलो कमी सांगत आणि म्हणत, “सकायचं दव हाय त्याच्यात.” एका दुपारच्या मापाला एका वयस्कर बाईने शांतपणे विचारले, “मंग दुपारच्या गाठोड्यात कोठचं दव आलं, भाऊ?” काकांनी उत्तर दिले नाही, ते पुढचे गाठोडे टांगू लागले. काटा साडेअकरा दाखवत होता आणि मी अकरा लिहिले. त्याच महिन्यात काका बाजारातून आले ते संतापूनच, कारण व्यापाऱ्याने ओलीच्या नावाखाली त्यांच्या कापसावर कडता कापला होता. रात्री जेवताना ते जे बोलले ते जवळजवळ त्या बाईचेच शब्द होते.

प्रसंग लिहून झाला की दुसरे काम करावे: वस्तुस्थितीची वाक्ये एका बाजूला आणि कर्तव्याची वाक्ये दुसऱ्या बाजूला मांडावीत. सकाळी वेचलेल्या कापसात दव असते, ही वस्तुस्थिती आहे आणि ती मोजता येते. सरकारी खरेदीत ओलावा यंत्राने मोजतात. तो 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे भाव कमी होत जातो आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेत नाहीत. ‘म्हणून अर्धा किलो कापला पाहिजे’ हे वाक्य मात्र दुसऱ्या जातीचे आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1740 मध्ये दाखवून दिले की लेखक ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी वाक्ये लिहीत जातात आणि कधी ‘असले पाहिजे’ या वाक्यांवर येऊन पोहोचतात ते वाचकाच्या लक्षातही येत नाही. ही उडी कशाच्या बळावर घेतली ते सांगितलेच पाहिजे. दव आहे, यावरून कापावे असे निघत नाही. मध्ये आणखी एक वाक्य लागते, उदाहरणार्थ ‘मजुरी फक्त कोरड्या कापसाची द्यावी’. ते वाक्य काकांनी कधी उच्चारले नव्हते आणि बायांनी कधी मान्य केले नव्हते. गावातील बहुतेक भांडणांत असे एक न उच्चारलेले वाक्य सापडते आणि ते सापडले की भांडण निम्म्याने समजते, हा माझा अनुभव आहे.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. जे कारण आपण एका ठिकाणी देतो ते उचलून दुसऱ्या ठिकाणी, विशेषतः जिथे आपण काट्याच्या दुसऱ्या बाजूला उभे असतो तिथे, लावून पाहावे. धुऱ्यावर चालणारे काकांचे कारण बाजारात त्यांनाच चालले नाही. ‘आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्’ हे संस्कृत वचन हीच कसोटी सांगते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1785 मध्ये ती अधिक काटेकोर केली. स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये, एवढ्यावर त्याचे समाधान नव्हते, कारण हा नियम पुढे करून गुन्हेगारही न्यायाधीशाशी वाद घालू शकेल असे त्याने एका तळटीपेत म्हटले आहे. शिवाय एखादा सधन शेतकरी म्हणेल की माझा अर्धा किलो कोणी कापला तर मला काही वाटत नाही. कांट त्याला निराळा प्रश्न विचारतो: ज्याच्या हाती काटा आहे त्या प्रत्येकाने गुपचूप कमी सांगायचे असा सर्वांचा नियम झाला, तर माप या गोष्टीला काही अर्थ उरेल काय? उरणार नाही, कारण आकड्यावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि मग कमी सांगून लाभही होणार नाही. जे कृत्य इतर सर्वांनी प्रामाणिक राहण्यावरच जगते त्यात दोष आहे, असे कांटच्या या मताचे, म्हणजे कर्तव्यवादाचे, म्हणणे आहे.

याच प्रसंगाकडे उपयुक्ततावादी कृत्याच्या परिणामांवरून पाहतो. जेरेमी बेंथम याने 1789 मध्ये आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिल याने, अशा दोन इंग्रज तत्त्वज्ञांनी मांडलेले हे मत आहे की ज्यातून सर्व संबंधितांचे मिळून अधिकाधिक सुख आणि कमीत कमी दुःख निष्पन्न होते ते कृत्य योग्य. अर्ध्या किलोच्या पैशाने काकांच्या संसारात फारसा फरक पडत नव्हता, तर मजूर बाईच्या घरी त्याचे मीठ-तेल आले असते. हिशेब सरळ आहे. तरीही या पद्धतीने विचार करणाऱ्याने हिशेबात कोणाकोणाला धरले ते दोनदा तपासावे. तुरीत रात्री रानडुकरे आणि रोही (नीलगाई) शिरतात म्हणून तारेच्या कुंपणात चोरून विजेचा प्रवाह सोडण्याचे प्रकार आपल्या विदर्भात घडतात. तसे करणारा माणूस पीक आणि रानडुक्कर यांचाच हिशेब करतो. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते म्हणून अंधारात ओलीत करायला निघालेला शेजारचा शेतकरी त्या हिशेबात नसतो, आणि ते जनावर ज्या वेदनेने मरते तीही नसते. प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्न नसून त्यांना दुःख होते का हा प्रश्न आहे, असे बेंथमने त्याच 1789 च्या ग्रंथात म्हटले आहे. कुंपणाला जोडायच्या झटका मशीनचा सौम्य धक्का जनावराला परतवतो आणि जीव घेत नाही. हिशेब पुरा मांडला तर तो पर्याय स्वतःहून पुढे येतो.

तिसरी दृष्टी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलची, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील. तो कृत्याऐवजी माणसाकडे पाहतो. न्यायाची कृत्ये करून करूनच माणूस न्यायी होतो, जसे घरे बांधून बांधून गवंडी तयार होतो, असे त्याचे म्हणणे आहे. ही दृष्टी विदर्भातील वाचकाला परकी वाटू नये. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेपासून आपल्या गावोगावच्या विहारांत पंचशील म्हटले जाते आणि त्यातील प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘सिक्खापदं समादियामि’ असे शब्द येतात. हे शिक्षापद मी स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. येथे वरून आलेली आज्ञा नाही. सवय घडवण्याचा संकल्प आहे. या दृष्टीने माझ्या प्रसंगातील सर्वांत गंभीर गोष्ट अर्धा किलो कापूस ही नाही. तेरा वर्षांचा मुलगा डोळ्यांनी साडेअकरा पाहत होता आणि हाताने अकरा लिहायला शिकत होता, ही आहे.

या तीन मतांपैकी एक निवडून त्याचा झेंडा खांद्यावर घेण्याची घाई करू नये. प्रत्येक प्रसंग तिन्ही बाजूंनी पाहावा आणि जिथे तिघांची उत्तरे वेगळी येतील तिथे थांबून विचार करावा, कारण अभ्यासाचे खरे काम त्या जागी असते.

चर्चेत एक अडचण हमखास येते. कोणी तरी म्हणते, “आपल्याकडे असंच चालते.” रूढी काय आहे हे सांगणे म्हणजे वस्तुस्थिती सांगणे, आणि तेवढ्याने रूढी योग्य ठरत नाही. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये जातिसंस्थेवरील आपल्या न झालेल्या भाषणात केलेला नियम आणि तत्त्व यांतील भेद फार कामाचा आहे. नियम म्हणजे ठरावीक रीतीने वागण्याची सवय. तत्त्व म्हणजे वागणे पारखण्याचे साधन. नियम पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही, तत्त्व लावणाऱ्याला करावा लागतो आणि म्हणून त्याच्यावर जबाबदारीही येते. विहिरीवर कोणी पाणी भरावे याचे नियम गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले, आणि तत्त्वाने पारखले तेव्हाच ते किती अमानुष होते हे उघड झाले. कायद्याचेही तसेच आहे: कायदा आणि नीती पुष्कळदा एकत्र चालतात, पण एकाचा निकाल दुसऱ्याचा निकाल ठरत नाही.

चांगले-वाईट हे वस्तूंच्या ठिकाणी खरोखर असते की आपल्या भावनांतून येते, असे प्रश्न अधिनीतिशास्त्रात येतात. ते खोल आहेत, पण नवशिक्याने ते वर्षभर बाजूला ठेवावेत; आधी हाताशी दहा-पंधरा प्रसंग जमू द्यावेत.

वाचनासाठी मराठीत पाया पक्का आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ पुष्कळांच्या घरी कपाटात असते. त्यातील ‘कर्मजिज्ञासा’ आणि ‘आधिभौतिक सुखवाद’ ही प्रकरणे आधी वाचावीत. टिळक तेथे मिलसारख्या पाश्चात्त्य विचारवंतांची मते सविस्तर मांडून खोडतात. ते वेदान्ताच्या बाजूने वाद करत आहेत हे लक्षात ठेवून मिलच्या बाजूने उत्तर काय देता येईल ते समासात लिहावे. दि. य. देशपांडे यांनी 1990 मध्ये नागपुरातून सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाचे जुने अंक मिळाले तर विवेकवादी बाजूही वाचायला मिळेल.

एकट्याने वाचण्यापेक्षा चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा वाचनालयात किंवा विहारात बसावे आणि एकच नियम पाळावा: दुसऱ्याचे मत खोडण्याआधी ते त्याच्यासमोर अशा शब्दांत मांडावे की तो स्वतः “हो, मला हेच म्हणायचे आहे” असे म्हणेल. मी हे काकांच्या बाबतीत करून पाहिले. वेचलेला कापूस घरात पडून वाळतो, विकेपर्यंत त्याचे वजन घटते आणि ती घट शेतकरीच सोसतो; त्यांचे कारण या रूपात मांडले तर ते पोकळ राहत नाही. परंतु मग घट गृहीत धरून किलोचा दर कमी ठेवायचा आणि तो वेचणीच्या आधी सर्वांसमोर सांगायचा, हा मार्ग खुला होता. तसे केले असते तर काटा खरा राहिला असता आणि दर पटला नाही तर बाया दुसऱ्याच्या शेतात गेल्या असत्या. त्या हंगामात त्यांना जायला दुसरे शेत खरोखर होते काय, हा प्रश्न मी वहीच्या पुढच्या पानावर लिहिला आहे, आणि त्याखाली आधी वस्तुस्थितीची वाक्ये मांडतो आहे.