कलमी सफरचंद घरी लावताना या चुका टाळा

कलमी सफरचंदाचं रोप हातात आलं की आधी खोडाचा तळ बघायचा. मुळांच्या वर साधारण वीतभर अंतरावर खोड जरा फुगलेलं असतं, पुष्कळदा तिथे बाकही असतो. तो बघून ‘रोप वाकडं दिलं’ म्हणून कुरकुरणारे खूप भेटतात. तो बाक म्हणजे कलमाचा जोड. त्याच्या खाली एक झाड आहे आणि वर दुसरं. खालचा खुंट झाडाची उंची ठरवतो, फळ किती लवकर धरायचं तेही ठरवतो, मातीशी जुळवून घेणं त्याच्याकडेच. वरच्या कलमकाडीकडे फळाची जात, म्हणजे रंग, चव आणि टिकाऊपणा. दोघं एका खोडात नांदतात, पण दोघांचं मन एक नसतं. घरच्या सफरचंदाची जी दैना होते ती बहुधा हे विसरल्यामुळे.

मग कलमाची यातायात कशाला, सरळ बी लावावी की! बियांपासून आलेलं सफरचंद आईसारखं निघत नाही. गोड फळाच्या बीतून आंबट, बारकं फळ येण्याचीच शक्यता जास्त, आणि ते चाखायलाही सहा ते दहा वर्षं थांबावं लागतं. बुटक्या खुंटावरचं कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं.

जोड मातीत गाडणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. टोमॅटोचं रोप खोल लावलं की खोडाला जास्त मुळं फुटतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय ती गाठ दिसायला बरी नव्हती. म्हणून जोडाच्या वर चार बोटं माती ओढली. झाड जोमात वाढलं, चौथ्या वर्षी शिडी लागायला लागली, फुलाचा मात्र पत्ता नाही. पायथा उकरून बघितला तेव्हा जोडाच्या वरच्या भागानं स्वतःची मुळं सोडलेली. खुंट नावापुरता उरला होता. वरच्या जातीला स्वतःची मुळं मिळाली की ती खुंटाचं ऐकत नाही. ज्या बुटकेपणासाठी आणि लवकर फळण्यासाठी कलम आणलं, तेच निघून जातं.

लावताना जोड जमिनीच्या किमान ८ ते १० सेंटिमीटर वर ठेवा. खड्ड्यातली भुसभुशीत माती पाण्यानं खाली बसते आणि झाड तिच्याबरोबर खचतं, तेव्हा सुरुवातीला दोन बोटं उंच बसवलं तरी चालेल. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून तिच्याशी जोडाची उंची ताडून बघणं हा सोपा उपाय. पुढे दरवर्षी आच्छादनाचा पालापाचोळा टाकताना जोड हळूहळू झाकला जातो, तिकडेही लक्ष हवं.

आधीच गाडलं असेल तर? याच हंगामातलं रोप असेल तर झाड झोपेत असताना, म्हणजे पानं गळल्यानंतर, अलगद उचलून वर लावा. दोन-तीन वर्षं झाली असतील तर उचलू नका. जोडाभोवतीची माती बाजूला सारा, वरच्या भागातून निघालेली मुळं धारदार सिकेटरनं कापा आणि तो भाग उघडा राहू द्या.

खुंट न विचारता रोप आणणं

जात सगळे विचारतात, खुंट कोणी विचारत नाही. खरं तर उलट हवं, कारण घरच्या जागेत झाड मावणार की नाही हे खुंटावर अवलंबून. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग इथल्या संशोधन केंद्रात या खुंटांची वर्गवारी झाली, म्हणून नावात ‘एम’ येतं. पुढचा आकडा उंची सांगत नाही, यात भले भले फसतात. एम २७ हा एम ९ पेक्षा लहान. एम २७ वरचं झाड दोन मीटरच्या आतबाहेर राहतं, एम ९ वरचं अडीच-तीन मीटर, एमएम (मॉलिंग-मर्टन) १०६ वरचं साधारण चार मीटर, आणि एमएम १११ वरचं त्याहून मोठं. एमएम मालिका लोकरी माव्याला, म्हणजे खोडावर कापसासारख्या चिकटणाऱ्या किडीला, तोंड देता यावं म्हणून तयार केली गेली. एमएम १११ कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतो. एमएम १०६ एरवी गुणी, पण पाणी साचणाऱ्या जागी त्याचा बुंधा कुजतो.

कुंडीत लावायचं असेल तर एम २७ किंवा एम ९ बघा, आणि कुंडी किमान ४५ सेंटिमीटर रुंद घ्या. एम ९ ची मुळं उथळ आणि ठिसूळ असतात. त्याला जन्मभर आधाराची काठी लागते. ‘आता झाड मोठं झालं’ म्हणून पाचव्या वर्षी काठी काढली आणि फळांनी लगडलेलं झाड वाऱ्यानं आडवं झालं, असं होतं. एमएम १०६ ला दोन-तीन वर्षांचा आधार पुरे. काठी लावणीच्या वेळीच ठोका, नंतर ठोकली की मुळं तुटतात. बांधायला सुतळी किंवा तार नको, कापडाची रुंद पट्टी आठाच्या आकड्यासारखी फिरवून सैल बांधा.

थंडीचा हिशेब न करणं

सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते. ७ अंश सेल्सिअसच्या खाली किती तास गेले यावरून झाड जागं व्हायचं की नाही ते ठरवतं. बहुतेक नावाजलेल्या जातींना असे ८०० ते १००० तास हवे असतात. ते मिळाले नाहीत तर झाड मरत नाही, अर्धवट जागं होतं. फांदीच्या टोकाला पानांचा झुपका आणि खाली सगळं उघडंबोडकं, फुलं एकदम न येता महिनाभर तुरळक. अशा झाडाला खत आणि औषधं घालण्यात लोक वर्षं घालवतात. उपाय नाही, जातच चुकलेली असते.

उबदार हवेसाठी इस्रायलमध्ये तयार झालेली ॲना किंवा बहामात सापडलेली डॉर्सेट गोल्डन या जाती आहेत. त्यांचं काही शे तासांत भागतं. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बातू इथे तर कडाक्याची थंडी पडतच नाही. तिथले बागायतदार तोडणीनंतर हातानं पानं खुडतात, झाडाला गाढ झोप लागूच देत नाहीत आणि वर्षात दोन बहर घेतात. घरच्या एका झाडावर हा प्रयोग करायला हरकत नाही, पण जात कमी थंडीची हवी.

एकटं झाड लावून फळाची वाट बघणं

फुलं भरभरून येतात आणि चार दिवसांत सगळी गळतात, ही तक्रार आली की पहिला प्रश्न: जवळ दुसरं सफरचंद आहे का? बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. त्याच जातीची दोन झाडं लावली तरी उपयोग नाही, कारण कलमानं वाढवलेली एका जातीची सगळी झाडं म्हणजे एकच झाड. वेगळी जात हवी, आणि ती त्याच दिवसांत फुलणारी. ॲनाशेजारी डॉर्सेट गोल्डन लावतात ते याचसाठी. जोनागोल्ड, मुत्सू, ब्रॅमली यांसारख्या काही जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि त्यांचा पराग कुचकामी असतो. त्या दुसऱ्याला फळवत नाहीत. जागा एकाच झाडाची असेल तर त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीची काडी कलम करून घ्या. आणि फूल असताना कीटकनाशक फवारू नका, पराग नेणाऱ्या मधमाश्याच मेल्या तर शेजारी दहा झाडं असूनही काही होणार नाही.

खड्डा आणि पहिली पाणीपाळी

खोल खड्डा काढून तळाशी शेणखताचा थर आणि वर मूठभर रासायनिक खत, ही सवय सफरचंदाच्या मुळावर येते. कोवळी मुळं खतानं भाजतात, खत कुजून बसलं की झाड खचतं, आणि जोड पुन्हा मातीत. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, खोली मुळांइतकीच. काढलेलीच माती परत भरा. चांगलं कुजलेलं खत वरून, खोडापासून लांब पसरा.

मातीविना उघड्या मुळांचं रोप असेल तर मुळं क्षणभरही उन्हावाऱ्यात वाळू देऊ नका, लावण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. रात्रंदिवस बुडवून ठेवलं तर मुळं गुदमरतात. कुंडीतल्या रोपाची मुळं गोल फिरलेली असतील तर ती सोडवा, न सुटणारी कापा. इथे दया दाखवली तर पुढे तीच मुळं खोडाला गळफास लावतात. आणखी एक: जुनं सफरचंद काढलेल्या जागीच नवं लावू नका. त्या मातीत साठलेले रोगजंतू नव्या मुळांना उठू देत नाहीत.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर द्या. बोट मातीत घालून बघा, खाली ओल असेल तर थांबा. खोडाला टेकून आच्छादनाचा ढीग रचू नका, चारी बाजूंनी १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. मीटरभर वर्तुळात गवत नको. गवत पाणी किती पितं याचा अंदाज येत नाही, पण कोवळ्या झाडाची वाढ त्यानं निम्म्यावर आलेली बघितली आहे.

जोडावरची पट्टी आणि खालचे धुमारे

जोडावर प्लास्टिकची पट्टी तशीच राहिली की खोड जाड होतं, पट्टी मात्र तेवढीच. जोडाच्या वर गळवासारखी फुगी येते आणि पानं अवेळी लालसर पडतात. जोड पक्का झाला की, साधारण पहिल्या वाढीच्या हंगामात, ब्लेडनं उभी चीर देऊन पट्टी काढा. जातीची चिठ्ठी तारेनं बांधलेली असेल तर तीही. ती तार हमखास विसरली जाते.

जोडाच्या खालून किंवा मुळातून येणारे धुमारे म्हणजे खुंट डोकं वर काढतोय. ते सरळ, जोमदार असतात. पानं बारकाईनं पाहिली तर वरच्यांपेक्षा आकारानं वेगळी वाटतात. ‘झाड छान फुटतंय’ म्हणून कौतुकानं ठेवले तर दोन वर्षांत वरचं कलम उपाशी मरतं. कोवळे असतानाच माती बाजूला करून मुळाशी धरून ओरबाडा. कात्रीनं वरवर कापले तर एकाचे चार येतात. इतर वेळी मी ओरबाडण्याच्या विरोधात आहे, इथे नाही.

छाटणी आणि हाव

एकाच काडीचं रोप असेल तर लावताच ७५ ते ९० सेंटिमीटरवर शेंडा मारावा. हात थरथरतो, पण त्याशिवाय खाली फांद्या फुटत नाहीत. फांद्या खोडाशी अरुंद कोनात वाढत असतील तर कोवळ्या असताना कपड्यांचा चिमटा मध्ये अडकवून बाहेर वळवा. आडव्याकडे झुकलेली फांदी लवकर फुलते, उभी नुसती उंच जाते. एकदम सडकून छाटलं की झाड रागानं पाणफुटवे, म्हणजे सरळ उभ्या जाणाऱ्या बिनफळाच्या फांद्या, काढतं आणि फळ पुढे ढकलतं.

पहिल्या वर्षी आलेली फळं काढून टाका, दुसऱ्या वर्षी फार तर दोन-चार ठेवा. पुढेही दर घोसात एक आणि दोन फळांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करा. पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे याच वर्षी, फळं लहान असतानाच घडत असतात, आणि फळातल्या बियांतून निघणारी संजीवकं (हार्मोन) त्यांना रोखतात. म्हणून एका वर्षी लदलेलं झाड दुसऱ्या वर्षी रिकामं.

झाड काय सांगतंय

हिरवीगार पानं, लांबलचक फांद्या, फळ नाही: नत्र जास्त झालं, युरिया बंद करा. फळावर तपकिरी खोलगट ठिपके असतील तर फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. बहुधा पाणी कधी तुडुंब, कधी शून्य असं दिलं जातं. खोडावर कापसासारखं काही चिकटलं असेल तर लोकरी मावा. जोडाच्या खाचांत आणि छाटणीच्या जखमांत तो घर करतो, जुन्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा. कोवळ्या शेंड्यांवर पांढरी पूड दिसली तर भुरी, ते शेंडे खुडून टाका. शेंडा भाजल्यासारखा काळा होऊन काठीच्या मुठीसारखा वाकला तर मात्र एक दिवसही थांबू नका. हा जिवाणूंचा करपा असतो. दिसणाऱ्या काळ्या भागाच्या २० ते ३० सेंटिमीटर खाली कापा, प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलनं पुसा आणि कापलेलं जाळा.

आणि सगळे हिरवे झाले तरी आपलं झाड फुटत नसेल तर उपटायची घाई नको. शेंड्यापासून सुरुवात करून नखानं साल जराशी खरवडत खाली या. जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत झाड जिवंत आहे, त्याच्या वरचं कापून टाका. हिरवं जोडाच्या वर लागलं तर सफरचंद वाचलं. जोडाच्या खालीच लागलं तर जात गेली आणि नुसता खुंट उरला. त्यातून जे फुटेल ते तुम्ही आणलेलं झाड नव्हे, पण त्याची मुळं बसलेली आहेत. त्यातला एक सरळ धुमारा राखा आणि पुढच्या हंगामात त्यावर हवी ती काडी बसवा.