नानकटाईपासून सुरू होणारा चित्रकलेचा तास

आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी ‘उत्तर-आधुनिकता’ (मूळ आणि नक्कल, कला आणि बाजार यांतल्या रेघा पुसणारा विचार) हा शब्द फळ्यावर लिहू नका. मी एकदा लिहिला होता. मुलांनी तो वहीत उतरवला, खाली रेघ मारली आणि पेन्सिली ठेवून दिल्या. तेव्हापासून मी नानकटाईपासून सुरुवात करते.

जवळच्या बेकरीतून एकाच भट्टीची अर्धा किलो नानकटाई आणा. तिचे तीन वाटे करा. एक खाकी पुडीत, एक साध्या पिशवीत आणि एक सोनेरी कागद चिकटवलेल्या खोक्यात, वर रिबीन बांधून. मुलांना तिन्हींची चव घेऊ द्या आणि प्रत्येकीची किंमत चिठ्ठीवर लिहायला सांगा. माझ्या वर्गातली एक मुलगी ठामपणे म्हणाली, “बाई, खोक्यातलीत तूप जास्त आहे.” सगळी एकच आहे हे कळल्यावर ती ते खोकं उलटसुलट करून बघत राहिली. अशा वेळी कुणालाही हसू देऊ नका. तिच्या जिभेला खरंच तूप लागलं होतं, आणि धडा तिथेच आहे. फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियार १९७० च्या आसपास हेच मांडत होता: वस्तू आपण उपयोगासाठी घेतो, तशीच तिच्यावरच्या खुणेसाठीही घेतो, चारचौघांत ती आपल्याला कुठे नेऊन बसवते त्यासाठी. आता फळ्यावर ‘चिन्हमूल्य’ लिहा. या वेळी मुलं विसरत नाहीत.

पुढच्या तासाला हात चालवायचा. बिस्किटाचा एकच रिकामा पुडा टेबलावर ठेवा आणि सगळ्या वर्गाला त्याचंच चित्र काढायला लावा. पोस्टर कलर चालतील, पट्टी नाही. वाळल्यावर सगळी चित्रं दोरीला चिमट्यांनी ओळीने लावा. एखाद्याचं अक्षर फुगलेलं असतं, एखाद्याचा लाल विटकरी झालेला असतो. मुलं ती ओळ न्याहाळत असतानाच अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलबद्दल सांगा. १९६२ साली त्याने कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, कारण ती कंपनी तेव्हा ३२ चवींची सूपं विकत होती. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत ती फळीवर मांडली होती, दुकानात डबे लावतात तशी. लांबून छापील वाटतात, पण ती हाताने रंगवलेली आहेत.

मात्र अमेरिकेवर थांबू नका. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या, कॅलेंडरांवर आणि मालाच्या लेबलांवरही गेल्या. घरोघरी बायका त्या छापील देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवायच्या. हजारो प्रतींतली एक प्रत अशी त्यांची स्वतःची व्हायची. मला स्वतःला वॉरहॉलपेक्षा ही जरीची कलाकुसर मोठी वाटते. मुलांना घरचं कॅलेंडर नीट बघून यायला सांगा: देवी केवढी आणि खाली दुकानाचं नाव केवढं?

तिसऱ्या तासाला प्रत्येकाने बाजारात न मिळणाऱ्या गोष्टीचं वेष्टन करायचं. नाव, चित्र, वजन, घटक, किंमत, सगळं हवं. अट एकच, घटकांत खोटं लिहायचं नाही. (ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्राचा सरावही यातच होतो, मुख्याध्यापकांना तेवढं सांगून ठेवा.) महागड्या बुटांची हौस असलेल्या मुलाला उपदेश करू नका, त्याला त्या बुटाचं खोकं मोजून उलगडायला द्या. घडी कुठे, डिंक कुठे, ठसा कुठे, हे तोच वर्गाला दाखवेल.

मागच्या वर्षी एकाने ‘आजोबांची दुपारची झोप’ पुड्यात भरली होती. घटक: पंखा, रेडिओ, ओट्यावरची सावली. किंमतीच्या चौकटीत त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, “सुट्टीतच मिळेल.”