वरण की आमटी? नील सायमन मराठीत आणताना

अमेरिकन नाटककार नील सायमनचं 'द ऑड कपल' मराठीत करायला घेतलं तेव्हा मी तिसऱ्या अंकातल्या लिंग्विनी नावाच्या पास्त्यापाशी तीन दिवस अडकलो होतो. एका घरात राहणारे दोन मित्र, पसारा करणारा ऑस्कर आणि टापटिपीचा फेलिक्स. ऑस्कर चिडून ताटलीतल्या पदार्थाला स्पॅगेटी म्हणतो. फेलिक्स त्याही अवस्थेत हसून सांगतो की ही लिंग्विनी आहे. ऑस्कर ताटली उचलून स्वयंपाकघरात भिरकावतो आणि म्हणतो, आता हा कचरा. मी आधी नूडल्स लिहिलं, मग शेवया लिहिलं. वाचून दाखवलं तर कोणी हसेना. शेवटी बायको जेवायला वाढताना म्हणाली, "वरण नाही, आमटी आहे ती." प्रवेश सुटला.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की विनोद मराठीत आणायचाच नाही, भांडण आणायचं. विनोद मग आपोआप इथल्या पाण्याचा होतो. आणि भांडण सापडायचं असेल तर नाटकाच्या आधी माणूस वाचा. सायमनने दोन आत्मचरित्रं लिहिली आहेत, त्यातलं पहिलं, १९९६ चं, 'रीरायट्स', टेबलावर ठेवा. जन्म ४ जुलै १९२७ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, वडील कपड्यांच्या धंद्यातले विक्रेते, घर सोडून जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. घर मोडण्याची भीती त्याच्या नाटकांत इतकी का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. आठ वर्षांनी मोठा भाऊ डॅनी याने त्याला विनोद लिहायला शिकवलं. दोघांनी रेडिओ आणि टीव्हीसाठी लिहिलं. विनोदी नट सिड सीझरच्या 'युअर शो ऑफ शोज' या टीव्ही कार्यक्रमाच्या लेखकांत नील होता, तिथे पुढे विनोदी सिनेमे करणारा मेल ब्रुक्सही होता.

'ऑड कपल' डॅनीचंच. घटस्फोटानंतर तो एका मित्राबरोबर राहत होता, त्यावर नाटक लिहायला बसला, अडकला, आणि विषय धाकट्याला देऊन टाकला. हे कळल्यावर मी माझी पहिली बारा पानं फाडली. मी फेलिक्सला निव्वळ टापटिपीचं वेड असलेला विनोदी इसम केला होता. तो खरं तर घर गेलेला माणूस आहे, दुसऱ्याचं घर पुसून आपलं उभं करू पाहणारा.

आता जागा. ऑस्करचं घर न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर, आठ खोल्यांचं. मुंबईत आठ खोल्यांत एकटा राहणारा क्रीडा पत्रकार दाखवलात तर पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक नाटक सोडून त्याच्या उत्पन्नाचा हिशेब करत बसेल. मी घर भांडुपला नेलं, दोन खोल्या आणि किचन. याने एक गोष्ट फुकट मिळाली. तिथे फेलिक्स येतो तो एकटेपणावर उतारा म्हणून, इथे तो आला की ऑस्करला पाय पसरायला जागा उरत नाही. शुक्रवारच्या पोकरऐवजी शनिवारची रमी. वरच्या मजल्यावरच्या पिजन बहिणी इंग्लंडहून आलेल्या, आपल्यातल्याच पण उच्चार वेगळे. त्यांना मी बेळगावच्या केलं. बेळगावचा हेल नीट बोलणाऱ्या मुली मिळाल्या नाहीत तर दुसरं गाव शोधा, नक्कल करू नका. थिएटरात एक तरी बेळगावकर असतोच.

अंक तीन आहेत, आपल्याला दोन लागतात. मी मध्यंतर त्या बहिणींची बेल वाजते तिथे टाकलं. बाहेर वडा खाताना लोकांनी पुढे काय होणार यावर बोलावं.

सिनेमा मात्र नंतर बघा. १९६८ ची ती पटकथा सायमनचीच आहे. तिची सुरुवात फेलिक्स हॉटेलच्या खिडकीतून उडी मारायला जातो इथून होते, खिडकी उघडत नाही आणि पाठ धरते. पडद्यावर ते झकास दिसतं. नाटकात फेलिक्स बराच वेळ दिसतच नाही. त्याला बायकोने घराबाहेर काढलंय हे मित्रांना फोनवरून कळतं, आणि तो दारात येतो तेव्हा सगळे काहीच माहीत नसल्यासारखे पत्ते पिसतात. आधी सिनेमा पाहिलात तर ती सुरुवात नाटकात कोंबायचा मोह होतो. मला झाला होता.

परवानगीबद्दल थोडक्यात, कारण यात मी हात भाजून घेतलाय. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका परदेशी नाटकाचं रूपांतर मी स्पर्धेला दिलं. लेखकाचं परवानगीपत्र नव्हतं, प्रवेशिका परत आली, दोन महिन्यांच्या तालमी वाया गेल्या. सायमन २६ ऑगस्ट २०१८ ला गेला. आपल्या कायद्यात मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७८ संपेपर्यंत. नाटकाचे प्रयोगहक्क देणारी कंपनी सॅम्युअल फ्रेंच, म्हणजे आताचं कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स, यांना आधी लिहा. तिकडचा होकार आल्यावर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे. तोवर घरातल्या घरात वाचन, बस.

वाचनाला मात्र बाहेरचा माणूस बसवा. 'ऑड कपल' १० मार्च १९६५ ला ब्रॉडवेवर आलं, माइक निकोल्स दिग्दर्शक, ऑस्कर वॉल्टर मॅथाऊ आणि फेलिक्स आर्ट कार्नी. त्याआधी बॉस्टनला प्रयोग चालले असताना तिसरा अंक बसत नव्हता. एलियट नॉर्टन नावाच्या समीक्षकाने सहज म्हटलं की त्या दोघी बहिणी शेवटी दिसत नाहीत, चुकल्यासारखं वाटतं. सायमनने त्यांना परत आणलं, आणि घराबाहेर काढलेला फेलिक्स त्यांच्याकडेच जातो हा शेवट सापडला. पहिल्या नाटकाचे, १९६१ च्या 'कम ब्लो युअर हॉर्न'चे, त्याने सुमारे वीस खर्डे केले होते, तेव्हा फेरलेखनाचा त्याला कंटाळा नव्हता.

आमच्याकडे नॉर्टनचं काम माझी मेव्हणी करते. तिला नाटकातलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, म्हणून बोलावतो. समोर बसून मी संहितेकडे न बघता तिच्याकडे बघतो आणि ती मोबाइल हातात घेते तिथे समासात पेन्सिलीची खूण करतो. पहिल्या वाचनात अकरा खुणा, परवाच्या वाचनात चार. त्यातल्या तीन माझ्या आवडत्या वाक्यांवर आहेत.

शेवटचा प्रवेश सातव्यांदा लिहून झालाय. ती आमटी तेवढी बसत नाही. नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या पोराने इमारतीच्या मागच्या भिंतीवर दोनदा फेकून पाहिली, सरळ खाली ओघळते, भिंतीला धरत नाही. पुढच्या वेळी डाळ जास्त घोटून, चिंचेचं पाणी कमी घालून बघणार आहे.