सेमिस्टरच्या पेपरांआधी काय काय बघायचं (आणि ती लिंक उघडून बघा)

अभ्यास करा, वेळेवर झोपा, जास्तीची पेनं ठेवा. एवढं घरचे रोज सांगतात, त्यात माझी भर नको. ही यादी बाकीच्या भानगडींची आहे, अभ्यास झालेला असूनही पोरं ज्यात लटकतात त्या. मी पुणे विद्यापीठाची, कॉमर्सची, त्यामुळे आकडे तिथले. मुंबई, नागपूर, कोल्हापूरला आकडे वेगळे असतील, भानगडी याच.

पहिलं काम अभ्यासक्रमाची पीडीएफ. विद्यापीठाच्या साइटवरून स्वतः उतरवून घ्या, ग्रुपवर कुणीतरी ढकललेली नको. त्यात पॅटर्नचं, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीचं, साल बघा. २०१९ पॅटर्न आणि २०२४ पॅटर्नमध्ये विषय ओळखीचा वाटतो आणि आतली युनिटं इकडची तिकडे झालेली असतात. सीनियरच्या नोट्सचं अक्षर सुंदर आहे म्हणून त्या आपल्या पेपरला चालतीलच असं नाही. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या वरच्या भागात कंसात पॅटर्न छापलेला असतो, झेरॉक्सवाल्याच्या गठ्ठ्यात मात्र सगळे पॅटर्न एकत्र पडलेले असतात. कंस वाचा, मग पैसे द्या.

हॉल तिकीट आलं की स्टोरीला टाकण्याआधी वाचा. विषयांचे कोड एकेक करून ताडा. एटीकेटी (मागचा विषय राहून पुढे आलेलो) असेल तर मागच्या सेमचा विषय त्यात आलाय का, हे सगळ्यात आधी. फॉर्म भरताना बॅकलॉगच्या विषयावर टिक करायची राहते, फी कमी आली म्हणून आपण खूश होतो, आणि हॉल तिकिटावर तो विषयच नसतो. पेपरच्या सकाळी सेंटरवर रडून उपयोग नाही, सुपरवायझर त्यात काही करू शकत नाहीत. कॉलेजच्या परीक्षा विभागाची खिडकी उघडी असताना, जेवणाच्या सुट्टीआधी, स्वतः जा. या कामाला मेल नको. फोटो, सही, नावाचं स्पेलिंग हेही त्याच फेरीत उरका.

आता इंटर्नल, म्हणजे असाइनमेंट-प्रोजेक्टवर कॉलेजातून मिळणारे मार्क. इथे नीट वाचा, कारण मी इथेच आपटले होते. १०० मार्कांच्या विषयात ३० इंटर्नलचे आणि ७० लेखीचे, आणि पासिंग दोन्हीकडे वेगवेगळं: ३० पैकी १२ आणि ७० पैकी २८. लेखीत ६० पडले आणि इंटर्नलला शून्य, तर विषय राहिला. बेरीज कुणी बघत नाही.

असाइनमेंट आणि प्रोजेक्ट हल्ली गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्यायची असते. ड्राइव्हवर टाकलेली नवी फाइल मुळात फक्त तुम्हालाच दिसते. नुसती लिंक कॉपी करून मॅडमना पाठवली तर त्यांना ती उघडता येत नाही. शेअरमध्ये जाऊन ‘रिस्ट्रिक्टेड’च्या जागी ‘एनीवन विथ द लिंक’ करावं लागतं. आणि खरी गोम पुढे आहे: तुम्ही ती लिंक दाबून बघितलीत तर ती झकास उघडते. फाइल तुमची, फोन तुमचा, लॉगिन तुमचं, का नाही उघडणार? म्हणजे तपासून पाठवल्याचं समाधानही मिळतं. मॅडमच्या स्क्रीनवर मात्र परवानगी मागण्याचं बटण. त्यांनी ते दाबलं तरी विनंतीची मेल जाते ज्या खात्यातून फाइल टाकली त्या खात्यावर, आणि ते असतं कॉलेजनं दिलेलं खातं, जे ॲडमिशननंतर कुणी उघडलेलं नसतं. अख्ख्या तुकडीच्या लिंका तपासणाऱ्या मॅडम तुमच्या उत्तराची वाट बघत बसत नाहीत. तक्त्यात तुमच्या नावापुढे आडवी रेघ, आणि पुढची लिंक.

तर लिंक उघडून बघा. स्वतःच्या लॉगिनमधून नव्हे, ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये. मोबाइलवर लिंक दाबली की थेट ड्राइव्हचं ॲप उघडतं आणि ते तुम्हाला ओळखतं, तो प्रकार उपयोगाचा नाही. कॉपी करा, इन्कॉग्निटोत पेस्ट करा, पहिलं पान दिसतंय का बघा. कॉलेजच्या खात्यातून काही वेळा बाहेरच्या कुणाला परवानगी देताच येत नाही, फक्त कॉलेजपुरती देता येते. मग वर्गातल्या कुणाच्या तरी फोनवर उघडून घ्या. हवं तर चहा पाजा, पण उघडून घ्या.

मेलला फाइल जोडणार असाल तरी सुटका नाही. जीमेलवर २५ एमबीच्या वर गेलं की फाइल आपोआप ड्राइव्हची लिंक होऊन जाते, म्हणजे पुन्हा तोच खेळ. त्यापेक्षा फाइल लहान करा. वहीच्या पानांचे फोटो एकामागून एक जोडायचे नसतात, ड्राइव्हच्याच ॲपमध्ये स्कॅन आहे, त्यातून एक पीडीएफ करा. (कॅमस्कॅनरवर २०२० पासून बंदी आहे. अजून कुणीतरी त्याची एपीके फिरवत असतं, घेऊ नका.) पानं सरळ आहेत का बघा, मान वाकडी करून मार्क देणारे सर अजून जन्मायचेत. फाइलला नाव द्या, ‘स्कॅन वन फायनल फायनल’ हे नाव नव्हे. रोल नंबर आणि विषय, पुरे.

गूगल क्लासरूम वापरत असाल तर तिथली गफलत वेगळी. फाइल जोडली म्हणजे जमा झाली नाही. ‘टर्न इन’ दाबायचं, मग ते पुन्हा एकदा विचारतं, तिथेही हो म्हणायचं. वर ‘टर्न्ड इन’ दिसायला हवं. ‘असाइन्ड’ दिसतंय याचा अर्थ काम अजून तुमच्याच पदरात आहे.

आता सरांशी बोलणं. मेलची विषयाची ओळ रिकामी सोडू नका. ‘एसवायबीकॉम, ब तुकडी, रोल नंबर अमुक, कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग, असाइनमेंट २’ एवढं तिथेच लिहा, म्हणजे महिन्याभरानं शोधलं तरी सापडतं, त्यांनाही आणि तुम्हालाही. आत ‘नमस्कार सर’, काय पाठवलंय किंवा काय अडलंय, कधीपर्यंत उत्तर मिळालं तर बरं, आणि खाली नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक). बास. इंग्रजी जमत नसेल तर सरळ मराठीत लिहा, सर मराठीच आहेत. रोमन अक्षरांतलं मराठी तेवढं नको, आणि ‘प्लीज’च्या शेवटी चार झेड नकोत. एका मेलमध्ये एकच काम. रजेचा अर्ज, असाइनमेंट आणि तिसऱ्या युनिटचा डाउट एकत्र घातला तर तिघांपैकी एकालाच उत्तर मिळतं, तेही नको असलेल्याला.

व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला ‘सर’ एवढंच लिहून थांबायची सवय मोडा. ‘सर’ लिहिलं, ब्लू टिक आली, आता त्यांनी काय करायचं? ‘बोल’ म्हणायचं? पूर्ण प्रश्न एकाच मेसेजमध्ये लिहा आणि दिवसा पाठवा. व्हॉइस नोट नको, सर स्टाफरूममध्ये बसलेले असतात. उत्तर आलं नाही तर कामाचे दोन दिवस जाऊ द्या, मग एकदाच आठवण करा. मॅडमच्या पर्सनल नंबरवर फोन तर नकोच, सेंटर बदललं किंवा हॉल तिकीटच आलं नाही असलं काही असेल तरच.

डाउट विचारायचे तर लवकर विचारा. लेखी परीक्षा सुरू झाली की सर सुपरव्हिजनला असतात, नंतर पेपर तपासायला कॅपला, म्हणजे तपासणी केंद्रावर. आदल्या रात्री ‘सर, इम्पॉर्टंट काय आहे’ हा प्रश्न नसतोच. तुम्ही गणित कुठपर्यंत सोडवलं त्याचा फोटो पाठवा आणि ‘या पायरीनंतर ओव्हरहेडचं वाटप कशावर करायचं ते कळत नाही’ असं विचारा. असल्या प्रश्नाला रविवारीही उत्तर आलेलं मी पाहिलंय.

ग्रुपवरच्या सूचना लगेच सेव्ह करा. डिसअपीअरिंग मेसेज चालू असतील तर वेळापत्रकही काही दिवसांत गायब होतं, आणि जुनी पीडीएफ नंतर डाउनलोड करायला जावं तर मिळत नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. इंटर्नलचे मार्क भरायची एक शेवटची तारीख असते. ती उलटली की सरांच्या मनात असलं तरी त्यांच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याआधी विचारा, आणि विचारताना ‘मिळाली का’ असं विचारू नका. मी तेच विचारलं होतं, आणि ‘हो, मिळाली’ असं प्रामाणिक उत्तर आलं होतं. लिंक मिळालीच होती. ‘उघडली का, मॅडम?’ असं विचारा. पाठवण्याआधी इन्कॉग्निटोत उघडून बघा, पाठवल्यावर ‘उघडली का’ विचारा. दोन्ही करा. मला माहितेय कंटाळा येतो.

आदल्या दिवशी: हॉल तिकिटाची प्रिंट, आयकार्ड, साधा कॅल्क्युलेटर. सुधारित वेळापत्रक आलंय का ते विद्यापीठाच्या साइटवर बघा, पेपर सकाळचा की दुपारचा तेही. सेंटर दुसऱ्या कॉलेजला असेल तर आधी जाऊन या, गेट मागच्या गल्लीत निघतं. स्मार्टवॉच घरी. पेपरला सीट नंबर आकड्यांत आणि अक्षरांत, पुरवणीवरसुद्धा. प्रश्नाचा नंबर समासात. बाकी तुमचं तुम्हाला माहीत.

पेपर झाले की ड्राइव्ह भरलंय म्हणून असाइनमेंटची फाइल उडवू नका आणि परवानगीही काढू नका, मार्कशीट हातात येईपर्यंत तशीच ठेवा. इंटर्नलला गैरहजर दिसलं तर जुन्याच मेलला रिप्लाय करून विचारा, नवीन मेल नको. लेखीत कमी पडले असं वाटलं तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवून बघा, मग रिव्हॅल्युएशनचं ठरवा. फोटोकॉपीची मुदत निकालानंतर लगेच सुरू होते.